अरुंधती अजून उगवायची होती

माझ्या सासऱ्यांनी हयातभर हजारो माणसांना गाडीत बसवून दिलं आणि एकाच्याही जाण्याचं त्यांना कधी काही वाटलं नाही; पण कृत्तिका मावळल्या की त्या संध्याकाळी हा माणूस धड जेवत नसे. गुंजीला ते स्टेशनमास्तर होते. मूळ घर बेळगावला लागून असलेल्या अनगोळचं, शेतकऱ्याचं. थोरल्या भावांनी शेती धरली, हे चार बुकं शिकून रेल्वेत गेले आणि खानापूरच्या पुढच्या त्या जंगलातल्या स्टेशनावर इतकी वर्षं राहिले, की त्यांच्या बदलीचा हुकूम काढायचं वरच्या साहेबांच्याही लक्षात येईना. घरचे, दारचे, हमाल, गार्ड, सगळे त्यांना आप्पाच म्हणत. गाड्या मोजक्या, मधला वेळ मोकळा आणि डोक्यावर काळंभोर आभाळ. दुसरा एखादा पत्त्यांच्या नादाला लागला असता. आप्पा ताऱ्यांच्या नादाला लागले. पत्रिका, साडेसाती, ग्रहांची शांत यांत त्यांना काडीचा रस नव्हता. कुठला तारा कधी येतो, किती महिने मुक्काम करतो आणि कधी जातो, एवढीच त्यांची चौकशी. पण ती ते सोयऱ्याधायऱ्यांची करावी तितक्या आपुलकीने करत.

तारे रोज आदल्या दिवसापेक्षा जरा लवकर उगवतात आणि जरा लवकर मावळतात, आणि असं करत करत एखादा तारा मावळतीच्या उजेडात बुडून काही आठवडे दिसेनासाच होतो, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. कृत्तिकांचं हे बुडणं चैत्राच्या शेवटाला, वैशाखाच्या तोंडाला येतं. त्या संध्याकाळी साहेबाच्या तपासणीला घालायचा काळा कोट अंगात चढवून आप्पा फलाटाच्या टोकाला जाऊन उभे राहत. पहिल्या वर्षी नव्या हमालाने विचारलं, "आप्पा, ह्या वक्ताला गाडी न्हाय की वो. कुणाला पोचवाय आलाईसा?" आप्पा मान न वळवता म्हणाले, "कृत्तिका चालल्यात." हमाल कानडी मुलखातला, सालस गडी. "हौद्री," म्हणजे 'होय जी', असं म्हणून त्यानेही डोक्यावरचं मुंडासं काढलं आणि पश्चिमेकडे तोंड करून शेजारी उभा राहिला. पुढे तो हमाल दरसाल उभा राहायचा. कोण चाललंय हे त्याला शेवटपर्यंत नीट कळलं नसावं, पण मास्तरांच्या घरचं कुणीतरी असणार एवढं त्याला पुरत होतं.

जाणाऱ्या ताऱ्यांवर एवढी माया करणाऱ्या आप्पांचं ध्रुवाशी मात्र अजिबात पटत नसे. सगळं जग ज्याचे गोडवे गातं, त्याच्याकडे ते ढुंकूनही बघत नसत. "त्यो कवा जातच न्हाय. मग त्येची वाट कुणी बगायची?" असं म्हणून ते विषय मिटवत. त्यांची खरी भक्ती त्रिशंकूवर. उन्हाळ्याच्या दिवसांत हा बापडा दक्षिणेला झाडांच्या शेंड्यांवर जेमतेम वर येतो, थोडा वेळ टेकतो आणि निघून जातो. त्यात गुंजीचे डोंगर त्याचा निम्मा वेळ खाऊन टाकतात. "पावना असावा तर असा," आप्पा म्हणायचे, "पाणी पितो न पितो तंवर उठला." मुलीचं नाव त्यांनी रोहिणी ठेवलं, तेसुद्धा ती रोहिणी नक्षत्रावर जन्मली म्हणून नव्हे, तर ती जन्मली त्या संध्याकाळी पूर्वेला रोहिणी उगवत होती म्हणून. जोशीबुवांनी पत्रिका पुढे करून खूप समजावलं. आप्पांचं उत्तर एकच: "चंद्र कुठं हुता ते तुमास्नी ठावं. दारात कोण आलतं ते मी बगितलंय." त्याच न्यायाने म्हशीचं नाव अश्विनी पडलं. आप्पा हाका मारत तेव्हा शेजारच्या क्वार्टरातल्या बाईंना कोण दूध देतंय आणि कोण शाळेला निघालंय याचा बराच काळ पत्ता लागत नव्हता.

घड्याळ रेल्वेचं, ते रेल्वेच्या कामाला. घरचा कारभार ताऱ्यांवर चालला पाहिजे, असं एका हिवाळ्यात आप्पांनी ठरवलं. व्याध जांभळीच्या शेंड्यावर आला की पानं मांडायची. मार्गशीर्षात व्याध उशिरा उगवतो. जांभळीवर यायला त्याला आणखी वेळ. घरात सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत, पण आप्पा अंगणात बाज टाकून स्वस्थ. मग व्याध रोज थोडा थोडा लवकर येऊ लागला, तसं जेवणही अलीकडे सरकलं. पौषात बरं चाललं. माघ सरता सरता दिवेलागणीलाच व्याध जांभळीच्या वर जाऊन उभा! सासूबाई चुलीपुढून ओरडल्या, "तुमचा व्याध आता दुपारचाच येतोय व्हय? माजी भाकरी अजून तव्यावर हाय!" आणि त्यांनी तिथल्या तिथे फर्मान काढलं, की उद्यापासून मालगाडी गेली की पानं. आप्पा हिरमुसून म्हणाले, "मालगाडीचा काय भरवसा गं?" स्टेशनमास्तरच्याच तोंडचं हे वाक्य सासूबाईंनी पुढे प्रत्येक पाहुण्याला ऐकवलं.

पावसाळा म्हणजे आप्पांचा वनवास. गुंजीचा पाऊस एकदा लागला की आभाळ असं काही असतं याचाच विसर पडतो. त्यात मिरगावरून त्यांची गावातल्या शेतकऱ्यांशी दरसाल जुंपे. सगळे म्हणत मिरग निघाला. आप्पा म्हणत, निघाला नाही, गेला, सूर्याच्या मागे दडलाय, त्याच्याआड सूर्य आलाय म्हणून तर तुम्ही पेरताय. त्यांचं खरं होतं. पण मिरगाच्या सरी अंगावर घेत उभ्या असलेल्या माणसाला हे ऐकवायचं म्हणजे कमाल. एक म्हातारा शेतकरी शेवटी हात जोडून म्हणाला, "मास्तर, मिरग गेला असू द्या, न्हायतर आला असू द्या. मला भात पेरू द्या." आषाढ-श्रावणात आप्पा धारवाडकडून येणाऱ्या गाडीच्या गार्डाला निशाण दाखवायच्या आधी विचारत, "तिकडं आभाळ उगडं हाय का?" गार्ड भला माणूस. मास्तरांचं तोंड बघवेना म्हणून तो कधीकधी सांगून टाकायचा, "काल सांजचं चित्रा बगितली, मास्तर." चित्रा कोण हे त्याला ठाऊक नव्हतं, आप्पांनीच मागे कधीतरी तिची चौकशी केली होती, ते नाव त्याने लक्षात ठेवलं होतं. त्या दिवशी आप्पा चहात जास्त साखर घालून घेत.

आता याचा अर्थ आप्पा चुकत नसत असा मुळीच नाही. एका दिवाळीला अनगोळच्या घरी, शेजारच्या मच्छे गावाच्या बाजूला त्यांना झाडांवर एक तेजस्वी गोळा दिसला. "गुरू आला!" म्हणून त्यांनी भाऊ, भावजया, पुतणे, सगळ्यांना अंगणात काढलं आणि गुरूच्या स्थिर, शांत तेजावर त्यांचं निरूपण सुरू झालं. ते ऐन रंगात असताना गुरू डुलू लागला. मग कुणीतरी त्याला दोरीने खाली उतरवलं, त्यात तेल घातलं आणि परत बांबूच्या टोकाला चढवलं. भाऊ पोट धरून हसले. आप्पा मात्र गंभीरपणे म्हणाले, "दिसला ते खरं. कोण हुता ते चुकलं." दिसणं आणि असणं या दोन गोष्टींचा त्यांच्याकडे असा वेगवेगळा हिशेब होता, आणि न दिसलेली गोष्ट दिसली म्हणणं हे त्यांच्या लेखी पाप होतं.

मी त्यांच्या घरात शिरलो तो यामुळेच. मी तेव्हा बेळगावच्या कचेरीत कारकून. वडील लहानपणीच गेलेले, त्यामुळे काकांनी वाढवलेला. काका कोर्टात नाझर, शब्दाला करकरीत आणि संतापाला जवळ. कार्तिकातल्या एका संध्याकाळी त्यांच्याबरोबर मी मुलगी बघायला गुंजीला उतरलो. पोहे झाले, मुलगी आली, काकांनी तिला नाव विचारलं, आणि यजमान गायब! मागच्या अंगणातून हाक आली, "जावईबापू, जरा हिकडं येता?" अजून काही ठरलेलं नसताना जावईबापू! मी गेलो. आप्पांनी जंगलावर आलेल्या कृत्तिकांकडे बोट केलं आणि विचारलं, "किती दिसत्यात?" मी डोळे ताणून पाहिलं आणि सहा म्हणालो. आप्पांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "समदी सात म्हंत्यात. ऐकल्यालं सांगत्यात. तुमी बगितल्यालं सांगितलासा." माझा पगार, माझं घर, माझी पत्रिका, कशाचीही चौकशी न करता त्यांनी मला पसंत केलं. आत आलो तर रोहिणी दाराआड उभी होती. हळूच म्हणाली, "मलाबी सहाच दिसत्यात." माझं काम तिथेच झालं. परतीच्या गाडीत काका काय बोलत होते ते मला आजही सांगता यायचं नाही.

काकांनी मार्गशीर्षातला गोरज मुहूर्त धरला. चार दिवसांनी आप्पा बेळगावला आमच्या घरी हजर. घोटभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "लगीन फाल्गुनात करूया. मार्गशीर्षात सांजच्याला अरुंधती नसती."

"कोण अरुंधती? तुमची बहीण का?" काकांनी विचारलं. "गावाला जाणार असतील तर बोलावून घ्या. गाडी पाठवू."

ती वसिष्ठाशेजारची चांदणी, लग्नात नवरा-नवरीला दाखवतात ती, हे कळल्यावर काका आधी हसले आणि मग भडकले. "आजवर वर मान करून कुणी पाहिलंय? भटजी बोट करतात, आपण दिसली म्हणायचं. माझ्या लग्नात तर वर मांडवाचं कापड होतं!"

"मी माज्या पोरीला न दिसल्यालं दिसलं म्हणाय शिकिवल्यालं न्हाय."

"मग तुमच्या पोरीला तुमच्याच घरात ठेवा. संकेश्वरची सोयरीक माझ्या हातात आहे." काका उठून आत गेले. मी दारात उभा होतो. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा काय झाला असेल तो असो. ते बराच वेळ टोपी हातात फिरवत बसले. मग काकांना हाक मारून म्हणाले, "मार्गशीर्षात करूया." एवढं बोलून ते संध्याकाळच्या गाडीने परत गेले. काकांनी मात्र मला बजावलं, की मांडवात त्या माणसाने आभाळाचा शब्द काढला तर मी वऱ्हाड उठवीन. काका बोलले की तसं करत. लग्नापर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत.

लग्न अनगोळच्या घरी लागलं. मंगलाष्टकं झाली, सप्तपदीही उरकली, तोवर चांगला अंधार पडला होता. आप्पांनी तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. काकांच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या. भटजी आम्हा दोघांना अंगणात घेऊन आले आणि उत्तरेकडे कुठेतरी बोट करून सवयीने म्हणाले, "ती अरुंधती. दिसली?"

"न्हाय," रोहिणी म्हणाली.

भटजींना वाटलं मुलगी बावरली आहे. "नीट बघ, बाळ. माझ्या बोटाच्या रेषेत."

"भटजीकाका, तिकडं शर्मिष्ठा हाय. अरुंधती अजून उगवायची हाय."

कुणीतरी बाई 'अगं बाई' म्हणाली. काका पुढे आले. "सप्तपदी होते न होते तोच नवरी नाही म्हणते? हा अपशकुन मी घरात नेणार नाही. अरे, वऱ्हाड उठवा!" मग माझ्याकडे वळून, "तुला दिसली का?" मी काकांच्या घासावर वाढलेला माणूस. पण रोहिणीचा हात माझ्या हातात होता. मी म्हणालो, "नाही दिसली, काका." काकांनी अंगावरचं उपरणं झटकलं. आमच्याकडची माणसं खरोखर उठू लागली, आणि सगळं अंगण आप्पांकडे बघू लागलं, कारण ही आग लावली कुणी हे सर्वांना ठाऊक होतं.

आप्पा मांडवाच्या खांबापाशी उभे होते. त्यांनी एकदा वर पाहिलं. एकदा लेकीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण मान ताठ होती. मग ते पुढे आले, ईशान्येला गोठ्यामागच्या अंधाराकडे त्यांनी हात केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मला दिसली."

"आप्पा?" रोहिणीच्या तोंडून निघालं.

"दिसली म्हंतोय न्हवं? हाय ती तितं."

त्या गोठ्यामागे काही म्हणजे काही दिसत नव्हतं. रोहिणी बापाकडे टक लावून बघत राहिली. जन्मात ज्याने चित्राला स्वाती म्हटलं नाही, तो माणूस भर मांडवात हे बोलत होता. शेवटी ती म्हणाली, "आप्पास्नी दिसली म्हंजे हाय तितं." भटजींनी संधी साधून झटकन पुढचा मंत्र सुरू केला. काकांनी आजूबाजूला पाहिलं, उपरणं परत खांद्यावर घेतलं आणि पंगतीला किती वेळ आहे ते विचारलं. मी आप्पांकडे बघायला वळलो तर ते तिथे नव्हते. त्या रात्री ते पंगतीला बसलेच नाहीत.

पहाटे दारावर थाप पडली. बाहेर आप्पा घोंगडी पांघरून उभे. "दोघंबी या." थंडी मी म्हणत होती. आम्ही त्यांच्यामागून मळ्यातल्या खळ्यावर गेलो. ईशान्येला सप्तर्षी चांगले वर चढले होते. आप्पांनी शेपटातला मधला वसिष्ठ दाखवला आणि म्हणाले, "त्येला चिकटून, बारीक. घाई करू नगासा." मी पाहिलं. आधी काहीच नाही, आणि मग एकदम, टाचणीच्या टोकाएवढी, स्वच्छ. "दिसली," मी म्हणालो. रोहिणी म्हणाली, "दिसली." आणि रडू लागली. "काल तुमी माज्यापायी खोटं बोललासा, आप्पा."

आप्पा खळ्याच्या कडेला बसले. "मीबी रातभर त्योच इचार केला. मग ध्यानात आलं. मागल्या ठेसनातनं गाडी सुटली, की आमी हितं घंटा देतो. तवा गाडी दिसत असती व्हय? न्हाय. पण लोक बोचकी उचलत्यात. त्येनी घंटा खोटी ठरती व्हय?"

"घंटा लई लवकर दिलासा," रोहिणी डोळे पुसत हसली.

"तुजी गाडी चुकली असती की गं, पोरी."

मागून खोकल्याचा आवाज आला. कानाला मफलर गुंडाळून काका उभे होते; ते कधीपासून तिथे होते देव जाणे. मला वाटलं आता पुन्हा पेटणार. काका घसा खाकरून म्हणाले, "कुठं म्हणता ती?" आप्पांनी उठून त्यांना जागा करून दिली. दोन म्हातारे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून आभाळात बघत राहिले. काकांना दिसायला बराच वेळ लागला. दिसल्यावर ते तरातरा घराकडे गेले आणि झोपेतल्या काकूला उठवून घेऊन आले. बिचारी काकू 'अहो, झालंय तरी काय' म्हणत ठेचकाळत आली, आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्या दोघांनी आपली अरुंधती पाहिली.

तेव्हापासून अनगोळात रीतच पडली. भटजी दाखवतात ती शास्त्राची, आणि मास्तर दाखवतात ती डोळ्यांची. लग्न वैशाखातलं असलं तर जेवणाआधी, माघातलं असलं तर जेवणानंतर, मार्गशीर्षातलं असलं तर पहाटे; आप्पा रजा टाकून गुंजीहून येत आणि नवरा-नवरीला खळ्यावर नेत. महायुद्धात रॉकेल मिळेना, सगळीकडे अंधार, लोक हवालदिल. आप्पा तेवढे खूश. "कवा न्हवं एवढं आभाळ सोच्छ झालंय," म्हणायचे. मी एकदा त्यांना मासिकात वाचलेलं सांगितलं, की काही तारे इतके लांब आहेत, की त्यांचा उजेड निघाला तेव्हा आपले पणजोबाही जन्मले नव्हते. तो तारा आता असेल की नाही कुणास ठाऊक. मला वाटलं त्यांना वाईट वाटेल. ते म्हणाले, "पोचला न्हवं? मग मधल्या लोकांनी काम चोख केलंय."

आप्पा गेले ते ऐन आषाढात. दिवस झाले, पाऊस थांबला, आभाळ उघडलं, तरी रोहिणी वर मान करून बघेना. संध्याकाळी ती आत दिवा लावून बसे. मी चुकून 'स्वाती' म्हटलं तरी उठून जाई. मला भीती वाटू लागली होती, की हे असंच राहणार. मार्गशीर्षात मच्छ्याहून एक बाई आली. तिच्या घरी लग्न होतं. दारातच उभी राहून म्हणाली, "आक्का, मास्तर न्हाईत आता. पर नवरी हटून बसलीया, अरुंधती बगितल्याबिगर सासरी जायाची न्हाय म्हंती. तुमास्नी गावती का वो ती?"

रोहिणीने तिला आत बोलावून पाट दिला. मग म्हणाली, "पहाटं अनगोळच्या खळ्यावर घेऊन या."

मी थोडा लांबच उभा राहिलो. तिने नवरा-नवरीला पुढे घेतलं, हात वर केला आणि वसिष्ठ दाखवला. नवऱ्याला लगेच दिसली. नवरीला काही केल्या दिसेना. ती कावरीबावरी होऊन एकदा आभाळाकडे, एकदा नवऱ्याकडे बघत होती, आणि दिसली म्हणून टाकावं का असं तिच्या चेहऱ्यावर दिसू लागलं होतं. रोहिणीने तिच्या पाठीवर हात ठेवला. "दिसंस्तोवर न्हाय म्हण. मी हाय हितं," ती म्हणाली, आणि तिच्याबरोबर वर बघत उभी राहिली. किती महिन्यांनी तिने मान वर केली होती. मला आप्पांची फार आठवण आली, पण त्या पहाटे ती आठवण जड वाटली नाही. पूर्वेला फटफटू लागलं होतं आणि तारे एकेक करून पुसट होत होते. नवरी अजून शोधत होती. कुणालाच घाई नव्हती.